भोंगा बंद झाल्यावर

धोंडिराम सोळा वर्षं लालासाहेबांच्या फिरत्या तंबू-सिनेमाची जाहिरात करत होता. दिवाळीनंतर तंबू निघायचा. मलकापूर, फलटण, मग सांगलीकडची गावं, आणि पावसाळ्याआधी परत. दुपारी बैलगाडीवर बॅटरी, माइक आणि पत्र्याचा भोंगा बांधून तो गावातून फिरे. आधी तो जलशात गायचा. आवाज तिथं तयार झाला होता. गोष्ट कुठवर सांगायची हे त्याला बरोबर कळे. शेवट तो कधीच सांगत नसे.

१९६४ साली एक रडवा चित्रपट आला. बापावर रागावून मुलगी घर सोडते, बापाला असाध्य दुखणं जडतं, आणि चित्रपट तिथंच संपतो. पुढं दोन वर्षं गावोगावच्या बायका धोंडिरामला अडवून विचारत, म्हातारा जगला का मेला. तो म्हणे, माझ्या हातात असतं तर तुमच्यासाठी जिता ठेवला असता.

१९६६च्या हिवाळ्यात दुसरा भाग आला. तोवर धोंडिरामच्या घशात गाठ झाली होती. मिरजेच्या डॉक्टरांनी कॅन्सर सांगितला, उशीर झाल्याचं सांगितलं आणि बोलणं बंद ठेवायला सांगितलं. बोलण्यावरच त्याचं पोट होतं. माइक नसला तर तीन हातांवरच्या माणसाला त्याचं बोलणं ऐकू जात नव्हतं.

त्याची एकुलती मुलगी अंजना सांगलीजवळ कृष्णाकाठच्या एका गावात दिलेली. बायको येसूबाई तिच्याकडेच राहायची आणि १९५९ साली तिथंच वारली. निरोप घेऊन अर्जुना नावाचा भावकीतला माणूस एसटीनं फलटणला, तंबूवर गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी माती झाली, धोंडिराम दुपारी पोचला. निरोप कधी मिळाला, असं अंजनानं विचारलं. खेळ सुटल्यावर, तो म्हणाला. अर्जुनानं मात्र तो दुपारी बारालाच दिला होता, आणि हे त्यानं अंजनाला आधीच सांगितलं होतं. तिनं बापाला एवढंच सुनावलं की खरं बोलाल तेव्हा उंबऱ्यात पाय ठेवा. सात वर्षं त्यानं पाय ठेवला नाही.

दुसरा भाग घेऊन तंबू अंजनाच्या गावात आला. जाहिरातीची गाडी चावडीवरून फिरे आणि बौद्धवाड्याच्या तोंडावरून परते. भोंग्याचा आवाज तिथवर जातोच, मग आत कशाला, असा रिवाज होता. त्या दिवशी धोंडिरामनं गाडी आत घालायला सांगितली. गाडीवान गुंडा कुरकुरला, की लालासाहेबांना कळलं तर माझी गाडी बंद होईल. तरी त्यानं बैल वळवले.

अंजनाच्या दारासमोर गाडी थांबली. ती धान्य पाखडत होती. तिनं सूप खाली ठेवलं नाही. धोंडिरामनं माइक तोंडाशी धरला. खेळाबद्दल तो बोललाच नाही.

"अंजने, निरोप मला दुपारीच घावला हुता. संध्याकाळच्या खेळाची जाहिरात केली, मग खेळ सुटस्तवर थांबलो, मग निघालो."

भोंग्यातून ते चावडीपर्यंत गेलं. पारावरची माणसं बोलायची थांबली. शेजारची रंगूबाई दारात आली.

"आदी ते बंद करा," अंजना म्हणाली.

त्यानं बटण फिरवलं. मग तो पुढं काहीतरी बोलत राहिला, पण ओठ हलताना दिसत होते तेवढंच. अंजना सूप ठेवून गाडीजवळ आली आणि ऐकण्यासाठी तिला त्याच्या तोंडाशी कान न्यावा लागला. तो काय बोलला ते गुंडालाही कळलं नाही. गुंडा तर गाडीवरच होता.

त्या दिवसाची जाहिरात अर्धीच राहिली. तंबू मात्र भरला. गावाला पडद्यावरचा आणि बापलेकीचा, दोन्ही शेवट बघायचे होते. अंजना खेळाला गेली नाही. चौथ्या दिवशी तंबू हलला, धोंडिराम तिच्या घरी राहिला.

पौषात त्याचा आवाज पूर्ण गेला. पेज लागली की तो वाटीवर चमचा वाजवी. अंजना हातातलं काम संपवून मगच उठे. एकदा रंगूबाई म्हणाली, बरं झालं बाई, मनातलं गेलं.

"गेलं न्हाई," अंजना म्हणाली. "बापाला ठेवून घेतलं. माफ न्हाई केलं. ती दोन येगळी कामं हायत."

फेब्रुवारी १९६७मध्ये धोंडिराम वारला. तंबू तेव्हा फलटणला होता. अर्जुनाच पुन्हा एसटीनं निरोप घेऊन गेला आणि दुपारी पोचला. लालासाहेबांनी डोक्यावरची टोपी काढली, संध्याकाळचा खेळ लागला असल्याचं सांगितलं आणि तिसऱ्या दिवशी आले.

अंजनानं त्यांना बसायला घोंगडं टाकलं आणि चहा दिला. निरोप कधी मिळाला हे तिनं विचारलं नाही.