वहिनीचं दुखणं, माझं पोट

दुखणं वहिनीचं, आणि डॉक्टरांच्या टेबलावर पोट उघडं टाकून आडवा झालो मी. माझी सगळी हुशारी एवढ्यात आली. तरी सांगायला बसलोच आहे, तर नीट सांगतो.

आम्ही तेव्हा भवानी पेठेत राहत होतो. मी शाळामास्तर, थोरला भाऊ गिरणीत कारकून. त्या आठवड्यात तो शेताच्या वाटणीसाठी वळसंगला गेलेला. वहिनीला तिसरा महिना होता, गर्भ पडला. आठ दिवस झाले तरी रक्त थांबेना, त्यात ताप. असलं दुखणं घेऊन बाईनं दवाखान्यात जायची आमच्यात रीत नव्हती. घरातल्या पुरुषानं जायचं, सांगायचं, औषध आणायचं. सकाळी बायकोनं माझ्या हातात धुतलेली रिकामी बाटली दिली आणि दाराआडून, खाली बघत, काय सांगायचं ते दोनदा सांगितलं.

"एवढंच सांगा. पण सांगा हं."

"सांगतो की! मास्तर आहे मी, बोलण्याचंच खातो."

दवाखान्यात बाकावर आमचे हेडमास्तर खोकत बसले होते. आतल्या खोलीला नावाला पडदा. आतलं अक्षर न् अक्षर बाहेर ऐकू येई. माझी पाळी आली.

"काय होतंय?"

"पोटात दुखतंय."

"कुणाच्या?"

मी पडद्याकडे बघितलं. हेडमास्तरांचा खोकला नेमका तेव्हाच थांबला होता.

"माझ्या," मी म्हणालो.

मग काय, झोपा म्हणाले, झोपलो. जीभ काढा म्हणाले, काढली. बेंबीच्या उजवीकडे थंडगार बोटं रुतवून त्यांनी विचारलं, "इथं दुखतं?" तर मी चक्क विचार करून म्हणालो, "थोडं डावीकडं." काल काय खाल्लं? भजी. "मग दुखणारच की मास्तर!" डॉक्टर हसले. मीही हसलो.

औषध भरून होईपर्यंत मी कंपाउंडरच्या खिडकीशी उभा होतो. तेवढ्यात घोंगडं पांघरलेला एक धनगर आला आणि सगळ्या बाकाला ऐकू जाईल असा म्हणाला, "डाक्टर, बायकूची छाती सुजलीया, पू झालाय. लई कळा हायती. पोरगं पीत न्हाय. भाईर गाडीत हाय ती, चला की!"

बाकावरच्या माना खाली गेल्या. हेडमास्तर माझ्याकडे बघून पुटपुटले, "काय ही माणसं!" मीही मान हलवली. डॉक्टर मात्र उठून तडक गाडीपाशी गेले. परतताना ते माझ्या अगदी अंगाजवळून गेले. तेव्हाही बोलता आलं असतं. मी बाजूला सरून त्यांना वाट दिली.

कंपाउंडरनं बाटलीवर डोसाच्या खुणांचा कातरलेला कागद चिकटवला, त्याखाली माझं नाव लिहिलं आणि म्हणाला, "हलवून घ्या."

घरी बायकोनं विचारलं, "सगळं सांगितलंत ना?"

"हो."

वहिनी भिंतीला टेकून बसली होती. एरवी दुपारी ती माझ्या बायकोला पोथी वाचून दाखवायची. आता आठ दिवस पोथी बंद होती. तिनं बाटली उजेडाकडे धरून जरा वेळ बघितली, हलवली, एक डोस घेतला. मग मलाच म्हणाली, "भाऊजी, उन्हातून आलात, पाणी घ्या आधी."

तिसऱ्या दिवशी भाऊ परतला आणि टांगा करून तिला सरकारी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, इतके दिवस कुणाला सांगितलं नाहीत का? भाऊ म्हणाला, "औषध चालू होतं की." दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

वेळेवर सांगितलं असतं तर वाचली असती का? मी कुठल्या डॉक्टरला विचारलेलं नाही. विचारायचं तर आधीचं सगळं सांगावं लागलं असतं. भाऊ तर उलट माझीच समजूत घालायचा, "तू औषध आणलंस, आणखी काय करणार होतास?" अजूनही कुणी औषधाची बाटली हलवली की उजव्या कुशीत ती थंड बोटं रुततात. दुपारच्या डुलकीत मी मोठ्यानं "थोडं डावीकडं" म्हणतो, असं मुलं सांगतात. मुलांना त्याचं हसू येतं. मीही हसतो.

या गोष्टीला बरीच वर्षं झाली. परवा बायकोच्या पोटात दुखायला लागलं. सवयीनं मी टोपी चढवली, रिकामी बाटली घेतली. तिनं बाटली माझ्या हातातून काढून घेतली आणि म्हणाली, "टांगा बोलवा. मी येते."

टांग्यात काय झालं कोण जाणे, मी तिला सगळं सांगून टाकलं. टेबल, भजी, धनगर, सगळं. दवाखाना येईपर्यंत ती घोड्याच्या पाठीकडे बघत राहिली. टांगा थांबला तेव्हा म्हणाली,

"मला ठाऊक आहे. जाऊबाईंनी बाटलीवरचं नाव त्याच दिवशी वाचलं होतं. मला सांगितलं ते जाताना, टांग्यात चढता चढता. म्हणाल्या, भाऊजींना बोलू नकोस हो काही. चारचौघांत माझं नाव काढलं नाही त्यांनी, बरंच झालं."

मग पदर सारखा करत म्हणाली, "उतरा आता. आत मी बोलणार आहे."