पुलावर घसरणारं इंजिन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. तुम्हाला का सांगतेय? तुम्ही अण्णांना ओळखत नाही — म्हणूनच बहुतेक.

अण्णा म्हणजे माझे वडील. लातूरकडून आले आणि भोसरीत एका कंपनीच्या टूलरूममध्ये, बारीक मापाचे साचे घडवत, सगळी नोकरी काढली. रिटायर झाल्यावर दिघीच्या घरी, गच्चीवरच्या खोलीत त्यांनी छोटी रेल्वे मांडायला घेतली. खेळणं म्हटलेलं खपायचं नाही हं त्यांना! इंजिन, डबे, रुळांचे तयार तुकडे — एकेक करून जमवलेले. आराखडा मात्र माझ्याकडूनच हवा होता. मी चाकणला एका कंपनीत कॉम्प्युटरवर, कॅडमध्ये, ड्रॉइंग काढते ना! "माझ्या पोरीचं माप चुकत नसतंय," असं गल्लीभर सांगून झालेलं.

काढलाही मी झकास. वळणं, चढ, मध्ये एक पूल. कंपनीतूनच खऱ्या मापात कागद छापून आणले. अण्णांनी ते प्लायवर चिकटवले आणि रेषेबरहुकूम कापलं.

रूळ बसेचनात. ओढूनताणून जोडले, तर पुलाजवळ सांधा वाकडा. इंजिन तिथं आलं की घसरलंच. अण्णा पुन्हा कापायचे, कानशीनं घासायचे — पुन्हा तेच.

एकदा ते चहाला खाली गेले, तेव्हा मी सहज कागदावर पट्टी ठेवली. प्रत्येक रेघ थोडी कमीच भरली. छापताना कॉम्प्युटरवर 'कागदात बसवा' या पर्यायावरची खूण तशीच राहिली होती, सगळं ड्रॉइंग जरासं आक्रसलेलं, तयार रूळ मात्र पुऱ्या मापाचे. कंपनीत ती खूण कायमच असते. तिथं कागद मोजतं कोण? लिहिलेला आकडा वाचायचा, कागदाला पट्टी लावायची नाही, हीच आमची शिकवण. पण इथं आकडे नव्हतेच — कागद हेच माप होतं. आणि हे मला, शहाणीला, सुचू नये?

अण्णा वर आले. मी सांगणार होते हो! तोंड उघडलंही. तेवढ्यात तेच म्हणाले, "तुझं ड्रॉइंग बरोबर हाय पोरी. माझाच हात गेला आता."

आणि मी — मी काय म्हणावं? "वयानं होतं असं, अण्णा."

लाज वाटली? की ते गल्लीभरचं कौतुक सोडवेना? दोन्ही. त्यांनी सगळं खोक्यात भरलं, मी खोकी धरून दिली. नंतर कितीदा ठरवलं, पण आता कुठल्या तोंडानं सांगू, असं म्हणत दिवस गेले. शेजारी बिघडलेला मिक्सर घेऊन आले तर अण्णा हात लावेनात. स्क्रूसुद्धा मला पिळायला सांगतात.

आता दाढीही घरी करत नाहीत. हाताचा भरवसा नाही म्हणे. परवा मीच त्यांना सलूनमध्ये घेऊन गेले. खुर्चीत बसून त्यांनी निमूटपणे मान वर केली. दोन्ही हात मांडीवर ठेवलेले — जराही थरथरत नव्हते. मी त्या हातांकडे बघत बसले.