कमळपक्षी आणि रोलमधला शेवटचा फोटो

मंडळी, आज सकाळी भाचीने केरळहून एक फोटो पाठवला. कयाकमधून टिपलेला कमळपक्षी, पंखाखाली पिल्लं, बाहेर लोंबणारे त्यांचे पाय. झकास! खाली प्रश्न, "मामा, तू असा काढलायस कधी?"

नाही ना यार! ऐंशीच्या दशकात पवई तलावात हेच दृश्य माझ्यासमोर होतं. मित्राने, दिलीपने, प्लायवूडची चिंचोळी होडी बनवली होती. आम्ही दोघंच, पाणी शांत, आणि कॅमेऱ्यात शेवटचा फोटो उरलेला.

आमच्या घरी रोलमधला शेवटचा फोटो घरच्या माणसाचाच काढायचा, अशी पद्धत. निघताना आईने बजावलं होतं, "या वेळी बाबांचा काढ. एकही धड नाहीये त्यांचा."

दिलीप कुजबुजला, "काढ ना रे! बाबा काय उडून जातायत?"

बोट बटणावर होतं. नाही दाबलं. चरफडत मुलुंडला घरी आलो.

बाबा गिरणीतून रिटायर झालेले. कॅमेरा दिसताच "माजो फोटो कित्याक?" म्हणत उठायला लागले. त्यांना थांबवायला मी त्या पक्ष्याबद्दल सांगू लागलो. यांच्यात पिल्लं नर सांभाळतो, धोका दिसला की पंखाखाली उचलून चालू लागतो.

"म्हणजे बापूस?" म्हणून बाबा असे हसले, की मी तेवढ्यात बटण दाबलं.

त्यांचा हसरा फोटो तो एकच. आज भिंतीवर आहे. मघाशी भाचीला उत्तर म्हणून तोच पाठवला.

ती विचारतेय, "मामा, हे तर आजोबा. पक्षी कुठंय?"

आता ही गोष्टच तिला पाठवतोय.