मराठीत झाला असता तर

एका मराठी माध्यमाच्या शाळेत मी बरीच वर्षं पर्यवेक्षिका होते. पर्यवेक्षिका म्हणजे मुख्याध्यापकांच्या खालची आणि बाकी सगळ्यांच्या डोक्यावरची. कोण तासाला उशिरा गेलं, कोणाच्या वह्या तपासायच्या राहिल्या, कोणाचा वर्ग मंडई झालाय, हे बघत व्हरांड्यातून फिरायचं. शिक्षक मला पाठीमागे काय म्हणायचे ते ठाऊक होतं. सांगणार नाही, पण फारसं चुकीचं नव्हतं.

आमच्या कामातला मोठा भाग म्हणजे पाठनिरीक्षण. न सांगता वर्गात शिरायचं, शेवटच्या बाकावर बसायचं, अख्खा तास ऐकायचा आणि मग लॉगबुकात शेरा लिहायचा. खाली त्या शिक्षकाने सही करायची. माझे शेरे गाजलेले होते. फळ्याकडे तोंड करून शिकवणाऱ्या एका सरांना मी लिहिलं होतं, 'फळा आता पुरेसा हुशार झाला आहे, मुलांकडे वळावे.' शिक्षकखोलीत हशा पिकायचा आणि मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू?

त्याच सुमारास एक नवी बाई विज्ञान शिकवायला आली. माहेर विदर्भात, लग्न होऊन धायरीला राहायला आलेली. शिक्षणसेविका होती, म्हणजे तीन वर्षं तात्पुरती. काम समाधानकारक ठरलं तर कायम, नाहीतर नमस्कार. आणि ते समाधानकारक आहे की नाही, हे ठरणार लॉगबुकावरून.

पहिल्यांदा तिच्या तासाला गेले तेव्हा सहावीत बाष्पीभवन चाललं होतं. तिने टेबलावर पातेलीत वाफाळतं पाणी आणून ठेवलं होतं, वर स्टीलचं झाकण. मुलं बाकं सोडून पुढे गोळा झालेली. "पाहा बरं, वाफ कुठं जाऊन राहिली? अन् झाकणाले काय चिकटून राहिलं?" एक पोरगा ओरडला, "बाई, झाकणाला घाम येऊन राहिला!" ती खळखळून हसली. "घाम नाही रे बापू, पाणीच आहे ते. पण तू पाहिलं बरोबर!" मग प्रश्नांची नुसती झुंबड. ढग पडत का नाहीत, समुद्र आटत का नाही, गार बाटली बाहेरून ओली का होते. तास संपल्याची घंटा मला ऐकूच आली नाही. इतक्या वर्षांत असे तास मी बोटांवर मोजण्याइतकेच पाहिले होते.

एवढंच लिहायचं होतं. 'उत्तम' हा एक शब्द पुरला असता. पण उचलली जीभ लावली टाळ्याला म्हणतात, तसं माझं पेन. मी लिहिलं, 'विज्ञानाचा तास उत्तम झाला. मराठीत झाला असता तर अधिक उत्तम.'

तिने वाचलं, सही केली आणि विचारलं, "मॅडम, माझं नेमकं काय चुकलं?"

"अहो, 'जाऊन राहिली' काय? 'जाते आहे' म्हणावं. मुलं तुमचं ऐकून बोलतात."

"हो जी," ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावून, "हो, मॅडम."

मधल्या सुट्टीपर्यंत तो शेरा शिक्षकखोलीभर झाला. दुसऱ्या दिवसापासून सुरूच. "काय बाई, चहा पिऊन राहिल्या का?" "डबा खाऊन राहिल्या का?" तीही हसायची, सगळ्यांच्या मागून, जरा उशिराने. मी दारातून जाताना हे ऐकलं होतं. एकदा नाही, दहादा ऐकलं. लक्ष ठेवणं हेच माझं काम, पण तिथे मी कानाडोळा केला. आपलाच विनोद लोकांच्या तोंडी फिरतोय याचं बरं वाटत होतं मला. लाज वाटते आता लिहितानासुद्धा.

हळूहळू ती सुधारली. म्हणजे तेव्हा मी त्याला सुधारणं म्हणायचे. घरून वाक्यं वहीत लिहून आणायची. बोलता बोलता क्रियापदापाशी अडायची, मनात तपासून घ्यायची, मग बोलायची. तोवर हात वर केलेल्या पोराने हात खाली घेतलेला असायचा. पुढच्या वर्षी मी पुन्हा तिच्या तासाला बसले तेव्हा वर्ग एकदम शांत होता. एकही प्रश्न आला नाही. मी लिहिलं, 'भाषेत लक्षणीय सुधारणा. वर्गशिस्त चांगली.' आणि वर तिला म्हणाले, "बघा, जमलं की नाही!"

तिसऱ्या वर्षी पट घसरला. आमच्याकडची पोरं इंग्रजी माध्यमात चालली होती, ते काही नवीन नव्हतं. एक पद कमी करायचं असं संस्थेने ठरवलं. मुख्याध्यापकांनी मला बोलावलं. लॉगबुक समोर उघडं होतं.

"मॅडम, हा शेरा तुमचाच ना?"

"माझाच. पण सर, तो विनोद होता हो."

"लॉगबुकात विनोद लिहितात का?"

मी म्हटलं, तास उत्तम झाला हेही तिथेच लिहिलंय. ते म्हणाले, त्याच्या पुढचंही लिहिलंय. मी भांडले, आवाज चढवला, शाळेतली सगळ्यात चांगली शिक्षिका आहे ती असं दोन पानी पत्र लिहून दिलं. त्यांनी ते फायलीला लावलं. बूंद से गयी वो हौद से नहीं आती. संस्थेला कारण हवं होतं आणि ते मी सुवाच्य अक्षरात आधीच लिहून ठेवलं होतं. उन्हाळ्याच्या सुट्टीआधी तिच्या हातात पत्र पडलं, 'काम समाधानकारक नसल्याने.'

एका रविवारी सकाळी मी धायरीला तिच्या घरी गेले. स्वारगेटपासून बसमध्ये माफीची वाक्यं जुळवत होते. तिथे गेल्यावर एकही धड आलं नाही. "माझ्यामुळे झालं हे. मला माफ करा," एवढंच बोलले.

"असं नका म्हणू, मॅडम. झालं ते झालं." तिने चहा ठेवला. आवाजात राग असता तर मला सोसलं असतं. मग जरा घुटमळत म्हणाली, "आलाच आहात तर एक काम कराल? परवा मांजरी गावातल्या एका शाळेत मुलाखत आहे. तिथे पाठ घेऊन दाखवायचा आहे. एकदा बघाल का माझा? चुकलं तर सांगा."

मी खुर्चीवर बसले. ती ओट्याला पाठ लावून, हातात वही घेऊन उभी राहिली. "विद्यार्थ्यांनो, आज आपण चुंबकाचे गुणधर्म अभ्यासणार आहोत. चुंबकाला दोन ध्रुव असतात. सजातीय ध्रुवांमध्ये प्रतिकर्षण असते." ण स्वच्छ, ळ स्वच्छ. काना-मात्रेचीही चूक काढता आली नसती. पण प्रत्येक वाक्य झालं की ती माझ्या चेहऱ्याकडे बघत होती. पातेलीभोवती पोरं गोळा करणारी बाई ती हीच, हे कोणाला सांगूनही खरं वाटलं नसतं.

"बरोबर झालं ना, मॅडम?"

"बरोबर झालं. पण अहो, तुम्ही आधी शिकवायच्या ना, तसं शिकवा. अगदी तसंच बोला. फार छान शिकवायच्या हो तुम्ही."

हे मी तिला पहिल्यांदाच सांगत होते.

"तसं आता नाही येत, मॅडम," ती म्हणाली. "खूप करून पाहिलं. तोंड उघडलं की आधी तुमचा शेरा आठवतो."

मग वहीचं पान मागे उलटून तिने विचारलं, "पुन्हा एकदा म्हणून दाखवू का?"