साहेब बाहेर गेलेत, याचं इंग्रजी

आठवीत मला इंग्रजीत शंभरपैकी एकोणऐंशी मार्क पडले आणि तिथून माझी वाट लागली. घाटकोपरच्या आमच्या चाळीतलं सगळं इंग्रजी त्या दिवसापासून माझ्याकडे यायला लागलं. औषधाच्या बाटलीबरोबरचा कागद, बँकेचा फॉर्म, दुबईहून आलेलं कुणाचं तरी पाकीट. समोरच्या खोलीत टेपरेकॉर्डर आला आणि त्यावर एक इंग्रजी गाणं दिवसभर वाजू लागलं, तेव्हा त्याचे शब्द उतरवून द्यायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. मी कान लावून मराठी अक्षरांत दोन पानं भरली. त्यात खरे इंग्रजी शब्द चार असतील, बाकी सगळे मी ठोकून दिलेले. गणपतीत अख्खी चाळ माझ्या वहीत बघून ते गाणं गायली आणि कुणाला काही खटकलं नाही. 'मला येत नाही' हे वाक्य मला तेव्हा मराठीतसुद्धा बोलता येत नव्हतं.

बाबा कुर्ल्याच्या गिरणीत साचे चालवत, म्हणजे कापड विणायचे माग. संप झाला, लांबत गेला, आणि बाबांना ते साचे पुन्हा दिसले नाहीत. वर्ष-दीड वर्ष मिळेल ते काम केल्यावर अंधेरीला एका ऑफिसच्या गेटवर त्यांना वॉचमनची नोकरी लागली. तिथे येणारी माणसं इंग्रजीत विचारायची. पहिल्याच आठवड्यात बाबा कोरी वही घेऊन माझ्यापुढे मांडी घालून बसले. या बसा, नाव लिहा, सही करा, हे मी भराभर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, मोठे साहेब बाहेर गेले असतील तर काय म्हणायचं?

मला येत नव्हतं. पण बाबा पेन्सिल धरून माझ्या तोंडाकडे बघत होते. मला एकदम नाक्यावरचा केमिस्ट आठवला. त्याच्या दुकानात पब्लिक फोन होता. दुपारी तो जेवायला घरी गेला, की नोकर फोनवर पुठ्ठ्याची पाटी लटकवायचा, 'आऊट ऑफ ऑर्डर'. तो परत आला की पाटी निघायची. आऊट म्हणजे बाहेर, हे तर पहिलीतल्या पोरालाही ठाऊक. मी बेधडक सांगून टाकलं, "सर इज आऊट ऑफ ऑर्डर." बाबांनी ते मराठीत लिहून घेतलं, खाली रेघ मारली आणि दहा वेळा म्हटलं.

आपल्यामागे कुणी फोन वापरू नये म्हणून केमिस्ट खोटी पाटी लावायचा, हे मला कळलं अकरावीत. कॉलेजच्या लिफ्टवर तीच पाटी होती आणि लिफ्ट बंद होती. मैत्रिणीला मी सहज विचारल्यासारखं करून अर्थ विचारला. तोवर बाबा तीन वर्षं ते वाक्य म्हणत होते. नुसतं म्हणत नव्हते, गेटवर नवीन लागलेल्या दोघांना त्यांनी ते शिकवलंही होतं. येणारी माणसं हसून बोलतात, असं ते आईला कौतुकानं सांगायचे. का हसतात ते आता मला कळलं. त्या रात्री सांगायचं ठरवलं, मग रविवारी, मग परीक्षा झाल्यावर. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. माझी मूठ मी झाकूनच ठेवली आणि तिचा भार रोज बाबा अंधेरीला घेऊन जात राहिले.

बारावी झाली, टायपिंग झालं. त्या ऑफिसात टेलिफोन ऑपरेटरची जागा निघाली तेव्हा बाबांनीच मोठ्या साहेबांपाशी शब्द टाकला. मुलाखतीला मी त्यांच्यासोबतच निघाले. गेट आल्यावर ते थांबले, टोपी सारखी केली आणि मला एकटीला आत सोडलं.

मुलाखत बरी चालली होती. तेवढ्यात साहेबांचा एक पाहुणा आत आला. तो आदल्या दिवशीही येऊन गेला होता, आणि साहेब तेव्हा नव्हते. गेटवर आपल्याला काय सांगण्यात आलं, ते त्यानं हसत हसत सांगितलं. साहेबही हसले. मग हसू थांबवून त्यांनी बेल मारली आणि बाबांना वर बोलावलं.

बाबा आले, टोपी हातात. साहेब वाईट नव्हते, ओरडले वगैरे नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, हे कुणी शिकवलं तुम्हाला?

मी खुर्चीत फाइल धरून बसले होते. एक शब्द पुरला असता. बाबांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"कोणी नाय सायेब," ते म्हणाले. "माझ्याच डोक्यातला."

साहेब माझ्याकडे वळले. तुला तर इंग्रजी येतं, वडिलांना अर्थ सांग बरं, म्हणाले. त्यांच्या मनात काही नसेल, माझी परीक्षाच घेत असतील. मी सांगितलं. बाबा, ते माणसाला नाही म्हणत. बंद पडलेल्या मशीनला म्हणतात.

बाबांनी मान हलवली, माझ्याकडून इंग्रजी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी. बरं झालं कळलं, म्हणाले, आणि टोपी घालून खाली गेले. मला नोकरी मिळाली. सोमवारपासून यायला सांगितलं.

संध्याकाळी बसस्टॉपवर मला रडू आवरेना. मी म्हटलं, बाबा, मी उद्या साहेबांना खरं सांगते. बाबा बस येते का बघत होते. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाले, "कापडात खोट निघाली, गिरणीचो मास्तर ओरडाक लागलो, तरी जेना साचो शिकवल्यान तेचा नाव घेवचा नसता गो. गिरणीत कोण घेय नाय."

एवढंच. गिरणी राहिली नव्हती, पण तिचा कायदा बाबांनी माझ्यासाठी पाळला होता. आणि तोही कुणासाठी, तर येत नाही म्हणायची लाज वाटलेल्या मुलीसाठी. माफी मागायलाही त्यांनी जागा ठेवली नाही.

सोमवारी मी कामावर रुजू झाले. माझं टेबल खाली दारापाशीच होतं, तिथून गेट चार पावलांवर दिसायचं. बाबांनी इंग्रजी बोलणं बंद केलं होतं. साहेब आहेत का असं कुणी विचारलं, की ते हात माझ्याकडे करत आणि म्हणत, "मॅडमना विचारा." मी पाहुण्याला बरोबर इंग्रजीत सांगायची, साहेब बाहेर गेलेत, चारनंतर येतील.

पहिल्या दिवशी सांगताना माझी नजर गेटकडे गेली. बाबा कान देऊन ऐकत होते आणि त्यांचे ओठ माझ्या शब्दांमागोमाग हलत होते. त्या गेटवर ते आणखी सहा वर्षं होते. ते वाक्य त्यांना केव्हाच पाठ झालं असणार, पण मोठ्यानं त्यांनी ते एकदाही म्हटलं नाही.