चौकशीखिडकी आणि कोल्ह्याची खरूज

टक्कल पडलं म्हणून कुणाची खुर्ची काढून घेता येते का? मान हलवू नका, उत्तर द्या.

आमच्या बसस्थानकाच्या चौकशीखिडकीत एक ताई बसतात. सगळ्या गाड्यांच्या वेळा तोंडपाठ, म्हणून नाव पडलं 'वेळापत्रक'. अठरा वर्षं ती खिडकी त्यांची. गेल्या वर्षी केस झडून डोक्याला चाई पडली. आधी नाण्याएवढी, मग तळहाताएवढी. ताईंनी सरळ डोकं भादरलं आणि कामावर हजर.

स्थानकप्रमुखांनी डॉक्टरांची चिठ्ठी मागितली. वरच लिहिलेलं, 'अ‍ॅलोपेशिया एरियाटा'. साहेबांचा चेहरा उतरला.

"एरियाटा? म्हणजे एरियाभर पसरणारा! बाई, उद्यापासून मागे, हरवलेल्या सामानाच्या खोलीत बसा."

मी युनियनचा माणूस. ऐकलं आणि टाळकंच सरकलं. म्हटलं, फाटक बंद पाडतो! ताई म्हणाल्या, "भाऊ, तोफ आवरा. मला एका शब्दानं उठवलंय. शब्दानंच परत बसते."

त्या खोलीत बेवारस छत्र्या, एकेकटे बूट आणि कुणा मेडिकलवाल्या मुलीचा विसरलेला जाडजूड शब्दकोश. ताईंनी आठवडाभर तो पालथा घातला. मग पाळी बदलताना, सगळे चालक-वाहक जमलेले असताना, साहेबांसमोर उभ्या राहिल्या.

"साहेब, अ‍ॅलोपेशिया म्हणजे कोल्ह्याची खरूज. शब्द मूळचा ग्रीकांचा, लॅटिननं उचलला. कोल्ह्याचे केस झडतात ना, तसं."

"बघा, खरूज! आणि एरिया?"

"एरिया आपण म्हणतो तोच. पण लॅटिनमध्ये त्याचा अर्थ मोकळी जागा, धान्य मळायचं खळं. रोग एरियात पसरत नाही हो, डोक्यावर एरिया होतो!"

एक चालक फिस्सकन हसला.

"तुमच्यासाठीही शब्द सापडलाय. कॅल्वस. म्हणजे टकला." साहेबांचा हात टोपीकडे गेला. "तुमचं तर माझ्या कितीतरी आधीचं. मग लागण कुणी कुणाला दिली?"

हशा असा उसळला की फलाटावरचे प्रवासी डोकावले. ताईंनी चिठ्ठी साहेबांच्या हातात ठेवली. "आणि शेवटची ओळ. 'संसर्गजन्य नाही.' साध्या भाषेत होती, म्हणून राहिली असेल वाचायची."

साहेबांनी वाचली. दोनदा. मग स्वतः जाऊन खिडकीचं कुलूप काढलं. ताई बसल्या, काच पुसली, उघड्या डोक्यानं माइक ओढला आणि पुढच्या गाडीची वेळ अशी खणखणीत सांगितली की मी जागीच शिट्टी मारली.

तुमच्याकडे कुणाला असं मागच्या खोलीत बसवलं असेल, तर आजच जा, त्याची चिठ्ठी मागून घ्या आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. मोठ्यानं.