हाकेला ओ

कंडक्टरबाईंचा घसा त्या दिवशी साफ बसला होता. उभी नोकरी 'पुढे सरका, पुढे सरका' ओरडण्यात गेली तेव्हा कधी बसला नाही, आणि निवृत्तीनंतर पोरं सांभाळताना बसला.

पोरं सांभाळायची ती लॉन्ड्रीच्या पाठीमागच्या लांबट खोलीत. तिथे बाईंच्या माणसांची बोली चाले. नदीच्या वरच्या अंगाला पूर्वी तीच एक भाषा होती. आता ती येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके म्हातारे उरले होते, आणि त्यांत बाईच सगळ्यांत धाकट्या. तिकिटं फाडण्याच्या गडबडीत पोटच्या मुलीला ती शिकवायची राहून गेली. म्हणून आता नातीच्या, म्हणजे मुंगीच्या, आणि शेजारच्या चार-पाच पोरांच्या कानांवर बाई दुपारपर्यंत दुसरा शब्द पडू देत नसत. उंबरठ्याच्या आत बाहेरची भाषा बंद. त्या भाषेत कुणी हाक मारलीच, तर कानांवर हात ठेवायचे आणि ओ द्यायची नाही, असा खेळच त्यांनी लावून दिला होता. आईबाप दारातून हाका मारून दमत. पोरं कान झाकून खिदळत.

मुलीला हे पटत नव्हतं. "उद्या शाळेत हिला साधं पाणी मागता आलं नाही, तर तू जाणारेस का तिथे?" ती म्हणे. महिनाअखेर नातीला काढून नेणार, असं तिने सांगूनच टाकलं होतं. सख्खी नात गेली की बाकीच्यांना कुठल्या तोंडाने थांबवायचं, या विचाराने बाईंना घास गोड लागत नव्हता.

त्या दुपारी मुलगी घ्यायला आली तेव्हा लपंडाव रंगला होता.

"मुंगी कुठाय?" तिने विचारलं.

कपाटामागे नव्हती. सतरंजीच्या गुंडाळीत नव्हती. लॉन्ड्रीत उघडणारं दार मात्र नुसतं लोटलेलं होतं.

आत हॉटेलांच्या चादरींचे ढीग, ढिगांनी भरलेल्या ट्रॉल्या, आणि भिंतीलगत माणूस उभा मावेल एवढी गोल तोंडाची धुलाईयंत्रं. मुलगी ओरडत सुटली, "मुंगी! ए मुंगे! बाहेर ये!" यंत्रांच्या घरघरीवर तिचा आवाज चढला, पण ओ आली नाही.

बाईंच्या लक्षात आलं. पोर ऐकतेय. कुठेतरी कान झाकून, हसू दाबून बसलीय. आपणच तिला तसं शिकवलंय. त्यांनी तोंड उघडलं. नुसती हवा बाहेर आली.

"मशीन बंद करा!" मुलगी मुकादमावर धावली.

"ताई, गाडी दारात उभी आहे. आत्ताच दोन ट्रॉल्या मशीनमध्ये रिकाम्या केल्या..." बोलता बोलता त्याचाच चेहरा पडला. त्याने धावत जाऊन बटण दाबलं. यंत्र लगेच थांबेना. काचेआड पांढरं काहीतरी गरगरत राहिलं.

बाईंनी मुलीचा दंड धरला. तिच्या कानाशी लागून त्यांनी आपल्या बोलीतलं एक वाक्य कुजबुजलं. खेळ संपला, ये. लहानपणी त्यांची आई त्यांना असंच बोलवायची.

"माझ्या तोंडात नाही बसत गं ते!"

बाईंनी पुन्हा सांगितलं. नखं दंडात रुतली.

मुलीने हाक मारली. आवाज फाटला, अर्धे शब्द गिळले गेले. कामगार हातातली चादर तशीच धरून बघत राहिले. तिने पुन्हा हाक मारली, या वेळी सगळी.

कोपऱ्यातल्या, पुढच्या खेपेला लावलेल्या ट्रॉलीतून त्याच बोलीत बारीकशी ओ आली. चादर हलली. मुंगीचे हात अजून कानांवरच होते.

मुलीने आधी पाठीत धपाटा घातला, मग उराशी घट्ट धरलं. "तुझ्या नियमानं आज माझी पोर गेली असती, आई," एवढंच म्हणाली आणि चालती झाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी लॉन्ड्रीत उघडणाऱ्या दाराला उंचावर कडी बसली. बाईंचा आवाज गंजलेला का होईना, परत आला होता. बाईंनी पोरांना गोळा करून नवा खेळ सांगितला. कुणीही, कुठल्याही भाषेत हाक मारो, आधी ओ द्यायची. ओ मात्र आपली. पोरांनी तासभर ओ देऊन छप्पर डोक्यावर घेतलं.

बाईंचे डोळे दाराकडे. एकीने पोराला सोडता सोडता खडा टाकलाच, "तुमची नात नाही आली वाटतं?"

बऱ्याच उशिरा मुलगी उगवली. मुंगीचं बोट धरलेलं, खांद्याला डब्याची पिशवी.

"आज मी इथेच बसणार," ती म्हणाली. "तुझ्या कडीवर माझा विश्वास नाही."

बाई आपल्या बोलीत काहीतरी म्हणाल्या. मुलीला कळलं नाही. तिने मुंगीकडे पाहिलं.

आत गेलेली मुंगी परत फिरली, उंबरठ्याबाहेर येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "आजी म्हणते, चपला बाहेर काढ." आणि पुन्हा आत पळाली.